वर्ज्य

लीड्समध्ये डिसेंबरात मारव्याची वेळ
पावणेचारला होते.
शाळा सुटत असते, रस्त्यावर दिवे लागलेले असतात,
आणि फार्मसीच्या काउंटरवर मी कुणाला तरी
दिवसातून दोनदा, जेवणानंतर, असं समजावत असते.
जूनमध्ये तीच वेळ रात्री पावणेदहाला.
मिरजेला बुवांना हे पत्रात कळवलं होतं.
उत्तरात त्यांनी एवढंच लिहिलं :
सूर्याकडे बघा, घड्याळाकडे नको.

सूर्याकडे! इथल्या!

एव्हरार्ड लिबर्डचे वडील सेंट किट्सहून आले, बस चालवायला.
हा डबल बास वाजवतो, चॅपलटाउनमध्ये,
चर्चच्या तळघरात, दर गुरुवारी.
तिथला रेडिएटर एकाच सुरात कण्हत असतो.
मी म्हणते काळी दोन, तो म्हणतो ई फ्लॅट.
यावर आमचं भांडण नाही.

मराठीत बास म्हणजे पुरे,
हे सांगितल्यावर तो डोळे पुसेपर्यंत हसला.

माझ्या तंबोऱ्याचा भोपळा विमानात तडकला होता.
त्यानेच सांधला, बासच्या पोटाला लावतात त्या सरसाने.
जवारीचा दोरा बघून म्हणाला, हे मुद्दाम?
आम्ही ही गुणगुण घालवायला पैसे मोजतो.

मग मारवा.
फार काही शिकवलं नाही. म्हटलं, पंचम नाही.
पहिली तार पंचमाची, ती निषादाला चढवली,
घर रिकामं केलं, कडी लावली.
त्याने मान डोलावली, टाचेने चार मोजले,
आणि तिसऱ्याच आवर्तनात
पंचमावर येऊन बसला,
ऐसपैस, बूट न काढता.

मी गाणं थांबवलं.
ड्रमवरची नेल हवेत ब्रश धरून तशीच.
सॉरी, तो म्हणाला, बोटं तिकडेच जातात.
सव्वीस वर्षं मीच त्यांना तिकडे पाठवतोय.
माझ्या ओठावर एक वाक्य आलं होतं.
ते बुवांचं होतं, म्हणून गिळलं.

त्या रात्री चहा गाळताना मी पंचम लावला.
नुसता पंचम. गाळणं थेंबथेंब करत राहिलं.
इतकी वर्षं या रागात मी
त्याच्या दारावरून जात होते,
पदर सावरून, नजर चुकवून,
म्हणजे तो नेमका कुठे राहतो
ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

आणि एव्हरार्डचा गांधार!
कोमल म्हणावा तर नाही, शुद्ध म्हणावा तर तोही नाही.
जिन्याच्या दोन पायऱ्यांच्या मध्ये पायरी नसताना
तिथे कुणी निवांत बसून
चपलेचा अंगठा शिवत असावं, तसा.
मला तिथे बसता येत नाही.
एकदा बसले होते, नेलच्या हातून झांज निसटली त्या गुरुवारी.
पुन्हा शोधलं तर जिनाच नव्हता.

मार्चात कार्यक्रम झाला.
साठ खुर्च्या, एकतीस माणसं, एक कुत्रा.
सूर्यास्त सव्वासहाचा, आमची वेळ साडेसातची.
विचारायला बुवा उरलेले नाहीत.
मी धैवतावर उभी होते, उतरायच्या बेतात,
तो खालून चढत येत होता,
जड पावलांनी, सामान घेतलेल्या माणसासारखा,
आणि त्या दाराशी आला.

मी डोळे उघडले.
त्याने चारही तारांवर तळवा ठेवला होता.
नेलही थांबली.
रेडिएटर कण्हला. काळी दोन.
कुणी तरी खोकायचं होतं, ते खोकलं नाही.
मग मी ऋषभावर आले, कशी ते सांगता येणार नाही.

नंतर कोटांच्या ढिगात हातमोजे शोधताना
तो हळूच म्हणाला,
आज जवळजवळ वाजवलाच होता मी.

म्हटलं, मीही.