सोळा आणे मैल

सेंट जॉन्सच्या विमानतळावर, काउंटर नंबर चारवर
मी एकोणीस वर्षं तिकिटं काढून दिली.
धुकं असलं की कोणी कुठे जात नसे,
आणि धुकं तर आमच्याकडे घरचंच,
म्हणून माणसांशी बोलायला वेळ असायचा.

आमची मुळाक्षरं शाळेतल्या क्रमाने लागत नाहीत.
सुरुवात वायपासून.
वाय म्हणजे पूर्ण भाडं: हवं तेव्हा बदला, हवं तेव्हा मोडा.
मग बी, एम, एच,
मग उतार लागतो, क्यू, व्ही, एल,
आणि तळाला टी,
ज्याचा एक पैसा परत मिळत नाही.
खुर्ची तीच. गुडघे पुढच्या पाठीला तसेच टेकतात.
एका रांगेत तिघं, तिघांचे तीन भाव,
खाली मात्र एकच गोठलेलं आखात.

मैलांचंही तसंच.
वायला सोळा आणे, एमला बारा, क्यूला आठ,
एलला चार,
टीला भोपळा.
वाट सगळ्यांची सारखीच कापली जाते,
पण कंपनीच्या वहीत कोणी सव्वीसशे मैल जातो,
कोणी साडेसहाशे,
आणि कोणी घरातून हललेलाच नसतो.

आल्फियस पेनी एलमधला माणूस.
फोर्ट मॅकमरीच्या तेलवाळूत ट्रक चालवायचा,
वीस दिवस तिकडे, आठ दिवस इकडे, बारा वर्षं.
तिकिटं बायको काढायची, तीन-तीन महिने आधी,
कॅलेंडरवर पेन्सिलीने गोल करून.
मी एकदा म्हटलं, "एव्हाना चंद्रावर पोचला असशील."
"चार आण्याच्या मैलांनी?" तो म्हणाला,
"अजून गॅंडरच्या पुढे गेलो नाही."

फेब्रुवारीत तो पहाटे पावणेपाचला आला.
बॅग नाही. बुटांच्या नाड्या सुटलेल्या.
धाकटा भाऊ, गारफील्ड,
कॅम्पातल्या बिछान्यातच गेला होता.
"पहिलं जे असेल ते दे."

एल बंद. व्ही बंद. क्यू बंद.
विमान अर्धं रिकामं होतं,
पण स्वस्त अक्षरं रात्रीच मिटली होती.
घाईला सवलत नसते.
वायमध्ये सात जागा.
आकडा सांगताना माझा आवाज खाली गेला,
त्याने कार्ड आधीच पुढे केलं होतं.

तिकिटाच्या तळाशी यंत्राने नेहमीसारखं छापलं:
मिळणारे मैल, दोन हजार सहाशे बारा.
अभिनंदन.
त्या ओळीवर अंगठा ठेवून
मी कागद त्याच्या हातात दिला.

जूनमध्ये तो पुन्हा आला, दाढी वगैरे केलेली.
हिशेबाचं पत्र चौपदरी घडी करून खिशात.
बारा वर्षांचे चाराणे-चाराणे
आणि त्यावर ती एक जाण्याची-येण्याची रक्कम.
"आता एक तिकीट बसतंय ना?"
बसत होतं, शंभरएक मैल उरून.

गारफील्डची व्हर्ना परत यायची होती, कायमची.
मांडीवर लाकडी डबा असेल, म्हणाला,
डब्याला तिकीट लागतं का?
मी म्हटलं, नाही.
नियम काय होता ते मी शोधलंही नाही.

मैलांवर काढलेल्या तिकिटाचं अक्षर एक्स.
एक्सला मैल मिळत नाहीत.
त्याने ती ओळ बोट ठेवून वाचली.
"भोपळा," तो म्हणाला,
आणि कितीतरी वेळ काउंटरपाशीच उभा राहिला.

ती आली त्या संध्याकाळी धुकं होतं.
विमान आमच्या डोक्यावर आलं,
आवाज ऐकू येत होता, दिसत काही नव्हतं.
दोन घिरट्या घातल्या, मग हॅलिफॅक्सला वळलं.
आल्फियस काचेशी मान वर करून उभा.

घिरट्यांचे मैल
आम्ही कुठल्याच अक्षरात धरत नाही.