ओल्गाला घंटेबद्दल विचारणे

बुधवार, दुपारचे तीन, मोन्तेविदेओ.
नदीवरून वारा येतोय. नदी कसली, समुद्रच म्हणा,
पलीकडचा काठ दिसत नाही.
आमच्या यादीचाही दिसत नाही:
चारशे बारा तिकिटं.

एक तास, निबिया सांगते. वर एक मिनिट नाही.
यामान्दूच्या काखेत गरम पाण्याचा थर्मास.
माते म्हणतात तो कडू पाला भरलेला तुंबा
हातोहात फिरतो, नळी एकच, तोंडं सहा,
आणि आमच्यात असं पडूनच गेलंय
की तुंबा ज्याच्या हातात त्याने प्यावं,
बाकीच्यांनी बोलावं.
यामान्दूसारखा बोलघेवडासुद्धा
त्यामुळे तासातून चारदा गप्प बसतो.

पहिलं तिकीट मी वाचलं:
'नाकारलेल्या दुधाची नोंद टँकरवरच व्हावी.'
पत्ते पालथे पडले. एक, दोन, तीन म्हणत सुलटे केले.
फाकुन्दोचे दोन.
एलिसेओचे तेरा.
पूर्वी अशा वेळी आम्ही सरासरी काढायचो,
साडेसात लिहून पुढे सरकायचो
आणि मग तीन आठवडे त्या साडेसातात गटांगळ्या.

दोन कसे? "एक खोका, एक बटण."
तेरा कसे?
एलिसेओ तुंबा खाली ठेवतो. त्याचे वडील टँकर चालवायचे.
"पहाटेचे चार. हातात ओले रबरी मोजे.
माळावर सिग्नल नाही.
ज्याचं दूध तू नाकारतोयस तो समोर उभा,
आणि तुझं बटण विचारतंय, खात्री आहे का?"

वारा तेवढा ऐकू आला.
मग तिकीट चिरलं आम्ही:
या स्प्रिंटला सिग्नलचं, फोनमध्येच नोंद राहील इतकं.
मोज्यांचं पुढल्या खेपेला.
समोर उभ्या माणसाचं काय,
ते कुणालाच लिहिता आलं नाही.

त्रेचाळिसाव्या मिनिटाला तळ खरवडायला घेतला.
तिकीट क्रमांक सतरा. सहा वर्षांचं.
लिहिणारा वाशिंग्टन, निवृत्त झाला,
कुठेतरी किनाऱ्यावर मासे धरतो म्हणतात.
मजकूर एवढाच: 'ओल्गाला घंटेबद्दल विचारणे.'
कोण ओल्गा, कसली घंटा.
हे घोंगडं आम्ही अधूनमधून वर काढतो,
पिळत नाही, वाळत घालत नाही,
असू दे, महत्त्वाचं असेल काही, म्हणत
पुन्हा भिजायला सोडतो.

वाल्किरियाला येऊन नऊ दिवस झालेत.
आमचा संकोच तिच्या गावीही नाही.
तिने सरळ डेअरीला फोन लावला. स्पीकरवर.
"ओल्गा आहे का तुमच्यात?"
"मीच की. चारला पाळी सुटते, लवकर बोल."
"ती घंटा..."
"कसली? हां, ती! टाकी भरत आली की वाजायला हवी होती,
वाजायची दूध सांडल्यावर.
अगं, चार वर्षं झाली. तुमची वाट बघून
आम्हीच एक तार जोडली.
वाशिंग्टनला सांग, टिकलीय."

सतरा बंद. चारशे अकरा.
टाळ्या वाजवणार होतो बहुतेक,
हात अर्ध्यावर राहिले.
तार जोडण्याआधीची दोन वर्षं
फरशी कुणी पुसली असेल,
हा हिशेब कुठल्याच रकान्यात बसत नव्हता.

चाराला दोन मिनिटं. "पण ती तार..." यामान्दू म्हणाला
आणि थांबला, कारण तुंबा त्याच्याकडे आला होता.
नळी गुरगुरेपर्यंत आम्ही थांबलो.
"पुढच्या महिन्यात टाकीचा सेन्सर बदलतोय ना आपण?
ती तार तुटणार."

वाल्किरियाने नवं तिकीट लिहिलं.
कुणासाठी, कशासाठी, आणि खाली
ओल्गाचा नंबर, पाळी सुटायची वेळ.
चारशे बारा.

निबिया उठली. एलिसेओने तुंबा उलटा करून
ओला पाला झटकला.
जिन्यात फाकुन्दो त्याला हळूच विचारत होता,
पहाटे चारला जो टँकर सुटतो
त्यात शेजारी बसायला जागा असते का.