एका दिवसाचा परवाना

खडकी बाजारात, रात्री साडेआठला
जाळीपलीकडून तो म्हणाला,
ब्रँडी. सगळ्यात छोटी.
क्वार्टरहून छोटी नाही का?

मी पुस्तक पुढं ओढलं.
एका दिवसाचा परवाना, पाच रुपये.
त्यावर छापलेलंच असतं, आरोग्य राखण्यासाठी.
बावीस वर्षांत या ओळीला हसणारे दोघंच भेटले,
त्यातला एक पोलीस.

नाव? भालेराव.
वय?
अकरा महिने.

मग स्वतःच दचकला.
माझं नाही हो, पोरीचं. छाती भरलीय.
आई म्हणते, अर्धा चमचा, कोमट पाण्यात.

तो चमचा मला माहीत होता.
दारूगोळा कारखान्याच्या खोल्यांत
आमच्याकडे तो बाळघुटीच्या सहाणेशेजारी असायचा,
जर्मनचा, दांड्याला पोचा आलेला.
दात येताना हिरडीवर आईचं बोट,
खोकल्याला अर्धा,
पाहुणे असले तर पाऊण, म्हणजे पोर झोपतं.
गटारीला अण्णा मांडीवर घेऊन
बिअरचा फेस माझ्या ओठांना लावायचे.
मी तोंड वाकडं केलं की सगळे हसायचे,
नाही केलं तर जास्त हसायचे,
बापावर गेलाय!
पलीकडच्या डिमेलोबाई नाताळात
द्राक्षाच्या वाईनमध्ये पाणी घालून
पोरांना घोट घोट देत, प्रार्थना झाल्यावर.
आमची आई कपाळाला हात लावी,
काय बाई, लेकरांना दारू पाजतात!

एकदा शकू दुपारपर्यंत उठलीच नाही.
सात महिन्यांची.
आई तिच्या तळपायांना टिचक्या मारत राहिली,
मला म्हणाली, तू बाहेर खेळ.
तीनच्या भोंग्याला ती रडली.
आईनं देवापुढे साखर ठेवली
आणि चमचा मोरीपलीकडच्या गटारात फेकला.
बाटली ठेवली.
शकू आता चिंचवडला असते. तिला हे
कुणी सांगितलेलं नाही.

दुकानात पाटी आहे, बिअर एकवीस, बाकी पंचवीस.
अकरा महिन्यांचं त्यात काही नाही.
एका वकील गिऱ्हाइकानं सांगितलं होतं,
पोराला पाजली तर सात वर्षांपर्यंत आत,
डॉक्टरनं सांगितलं असेल तरच सूट.
सात वर्षं. अर्ध्या चमच्याला.
मी मनातल्या मनात आईला
कोठडीत बसवून पाहिलं.
बसेना.
मग शकूचे तळपाय आठवले.

पुस्तक मिटलं. म्हटलं,
चौकात डॉक्टर आहेत, साडेनऊपर्यंत.
श्वास घेताना तिच्या बरगड्या आत जातात का?
तो म्हणाला, तुम्ही दारू विकता की दवा?
बरोबर होतं त्याचं.

गेला.
डॉक्टरांकडे की पुढच्या दुकानात,
जाळीतून तेवढं दिसत नाही.
दोन्ही एकाच बाजूला आहेत.

परवान्यावर भालेराव आहे,
वयापुढे नुसता 'अ'.
खाडाखोड केलेलं पान मालकांना चालत नाही.
पाच रुपये मी माझ्या खिशातून गल्ल्यात टाकले.