हातचा एक

निकालपत्रकांवर सह्या करून करून
माझी सही आता माझी वाटत नाही.
एकेचाळीस पोरं, एकेचाळीसदा 'वर्गोन्नत',
आणि शेऱ्याच्या रकान्यात 'अक्षर सुधारावे'
इतक्यांदा लिहिलं
की शेवटी माझंच अक्षर बिघडलं.
साजिद बागवानला लिहिलं, 'बेरजेत हातचा विसरतो.'
मग खोडून, 'प्रयत्न चांगले.'

दुपारी चौगले सरांचा निरोप.
शाल, श्रीफळ, जोतिबाची तसबीर,
छत्तीस वर्षं सेवा, भाषणं तीन,
त्यातलं एक निव्वळ सरांच्या गुडघ्यांवर.
वडे गरम होते. कॉफी कमी पडली.
फळ्यावरचा मोर मी काढलेला.
मोराचे पाय काढायचे राहिले,
कुणाच्या लक्षात आलं नाही.

माझाही आज शेवटचाच दिवस.
पण तासिका तत्त्वावरच्या माणसाला
निरोप नसतो, हिशेब असतो.
पिराजीमामांनी वही पुढं सरकवली :
डस्टर एक, छडी एक (न वापरलेली),
कपाटाची किल्ली.
"करा सही बाई. जूनमधी परत
तुमच्याच हातात द्यायचंय की हे."
मी सही केली. किल्ली ठेवली.
टेबलावर ती जरा जास्तच वाजली.

संध्याकाळी रंकाळा.
मुल्लाणी मॅडमनी तीन भेळींत पाच जणी बसवल्या,
डिंगणेबाईंनी आपल्या आतेभावाचं स्थळ
शेवेसारखं माझ्यावर भुरभुरलं :
मुलगा सोसायटीत क्लार्क, आजऱ्याला घर,
मोटरसायकल स्वतःची, तंबाखू सोडलीय म्हणतो.
गौतमीनं पीटीच्या सरांची शिट्टीसकट नक्कल केली,
आणि आम्ही कठड्यावर इतक्या हसलो
की शेजारचं एक नवं जोडपं उठून गेलं.
तिथनं गंगावेस. म्हशीच्या पुढ्यात उभ्या राहून
फेसाळ पेला, एका दमात.
पाच जणी, पाच पांढऱ्या मिशा.
फोटो काढला. त्यात मी कडेला,
अर्धा खांदा बाहेर.

"पुढच्या वर्षी लेझीम तूच बसव गं,"
मुल्लाणी मॅडम ओठ पुसत म्हणाल्या.
मी म्हटलं, बघू.
इथं बघू म्हणजे होच धरतात.
सगळ्यांनी धरलं.
गौतमीनं तर ढोलवाल्याचा नंबरही पाठवला.

रिक्षा मिळाली नाही ते बरंच झालं.
मंगळवार पेठेपर्यंत चालत आले.
खोलीवर दोन पिशव्या भरलेल्या,
खिळ्याला अडकवलेलं एक कॅलेंडर,
त्यात आजच्या तारखेवर मीच कधीतरी
गोल करून ठेवलेला. लाल पेनानं.
चुकलेल्या उत्तराला करतात तसा.

सकाळी गावच्या एसटीआधी कपिलतीर्थ मंडई.
आईला लिंबं, बाबांना चिक्कू.
गाड्यामागं साजिद, अब्बांची टोपी कपाळावर.
"बाई! सुट्टीत पण शाळेतच ऱ्हाता?"
नाही रे, म्हटलं, मला घर आहे.
त्याला ते फारसं पटलं नाही.

चिक्कू अडतीसचे, लिंबं सत्तावीसची.
अब्बांनी तोंड उघडलं तसा तो ओरडला,
"थांबा की अब्बा, मी सांगतो."
मग डोळे मिटून, ओठांतल्या ओठांत
आठ नि सात पंधरा
आणि उजव्या हाताचं एक बोट
घट्ट धरलेलं डाव्या मुठीत.
"पासष्ट!"

मी शंभराची नोट दिली.
त्यानं उरलेले मुठीतूनच मुठीत दिले.
"पाचवीला पण तुम्हीच ना बाई?"
मागं कुणीतरी कलिंगडाचा भाव विचारत होतं.
तो तिकडं वळला.

एसटीत बसल्यावर मोजले.
पस्तीस हवे होते.
छत्तीस भरले.