हवाना भोजनालय, वखारभाग

पाटी पिवळी, अक्षरं निळी,
खाली बारीक: शुद्ध शाकाहारी.
'हवाना'चे दोन्ही काने महापुरात पुसले,
तेव्हापासून नवं गिऱ्हाईक 'हवन' वाचतं
आणि विचारतं, पत्रावळ्या तुमच्या की आमच्या?

मी मार्केट यार्डात, हळदीच्या पेढीवर.
कितीही घासली तरी नखं पिवळीच,
घास कसलाही असो, आधी हळद लागते जिभेला.
म्हणून शनिवारी इथं येतो, चमच्यानं जेवतो.
यायचं ते पाचच्या आत.
दिवेलागणीला राजमतीकाकू शटर ओढतात.
सूर्य बुडाल्यावर न जेवणारं हवाना
जगात हे एकच असावं.

चार टेबलं, पाचव्यावर गल्ला,
गल्ल्याशेजारी बिस्किटांचा पत्र्याचा डबा
आणि डब्यात नेमगोंडा मगदूमांची पत्रं.
कारखान्यात बॉयलर फिटर होते.
चौदा महिन्यांसाठी तिकडं गेले,
ऊस तिथं आपला माणूस, एवढाच हिशेब.
पहिल्या पत्रात लिहिलंय:
रस इथंही काढतात, लिंबूही पिळतात,
पण चरकाला घुंगरं नाहीत,
त्यामुळं प्यायल्यासारखं वाटत नाही.

दुसऱ्या पत्रापासून नुसतं जेवण.
काळा घेवडा, राजम्याचा धाकटा भाऊ,
रंगानं मामावर गेलेला.
लसूण फार घालतात, तू वगळ, हिंग टाक.
एक पान असतं, नाव समजलं नाही,
वासानं ओव्याच्या पानाची सख्खी बहीण.
आंबट संत्रं असतं एक,
तुझ्या माहेरच्या परसातलं ईडलिंबू चालेल.
कच्ची केळी तळतात, काढतात, चेचतात, परत तळतात.
एवढा छळ कशाला, म्हणून विचारलं,
तर स्वयंपाकीण हसली.

(हे वाचून दाखवताना काकू
'हसली'पाशी चष्मा पुसतात.)

ते परतले त्या दिवशी पोळी नव्हतीच पानात.
पत्रावरून शिजवलेला घेवडा, भात,
तांब्याच्या बुडानं चेचलेली केळी.
पहिला घास तोंडात धरून
त्यांनी डोळे मिटले म्हणे, बराच वेळ,
आणि म्हणाले, जवळ आलीस.

मग बावीस वर्षं तेच.
जिरं भाजून बघितलं, न भाजता बघितलं,
काळा मिळेना तेव्हा कोरेगावचा वाघ्या आणला,
ईडलिंबाचं झाड वठलं, दुसरं लावलं.
दर खेपेला डोळे मिटून: जवळ आलीस.
पोचलीस, असं कधी म्हणाले नाहीत.
आणि एका माघात
न सांगता गेले.

आता काकू गिऱ्हाइकांना विचारतात, कसं झालंय?
मी म्हणतो, झकास.
"झकास नको सांगू, बरोबर झालंय का सांग."
मी काय सांगणार?
माझी धाव पुण्यापर्यंत,
तीही आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला.

परवा शेजारच्या टेबलावर
विलिंग्डनची दोन पोरं बसली होती.
एकानं मोबाईल पुढं केला,
काकू, बघा की, खरं असं असतंय,
रंग बघा, वर कोथिंबीर बघा.
काकूंनी ओला हात पालथा ठेवला
थेट काचेवर.
"राहू दे बाळा."
पोरगं घाबरलं, मोबाईल गेला म्हणून.

मग आतून तांब्याचा आवाज येत राहिला,
धप, धप,
नेहमीपेक्षा चार केळी जास्त.

बाहेर ऊन भिंतीवर वीतभर उरलेलं.
काकूंनी माझ्या ताटात न मागता वाढलं,
उभ्या राहिल्या, विचारलं मात्र नाही.
मी घास घेतला, आणि कसे कोण जाणे
माझे डोळे मिटले.
दोन शब्द ओठापर्यंत आले होते.
ते माझे नव्हते.
पाण्याबरोबर गिळले
आणि म्हणालो, मीठ जरा कमी आहे.

काकू वळल्या,
डब्यामागची वही काढली
आणि पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं.