पित्त उठलं

अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजात
मी एकोणीस वर्षं माणूस कापतोय,
पाच मायक्रॉन जाडीचा.
एप्रिलात मेण आपसूक मऊ पडतं,
पापुद्रा सुरीला चिकटतो,
मग कँटीनवाल्या इलियासकडं बर्फ मागायला जायचं.

पोरं मला पिराजीमामा म्हणतात.
बाप माझा केजच्या बाजारात बाजा विणायचा.
मॅडम वर्गात सांगतात, संयोजी ऊती,
तेव्हा दाराशी ट्रे धरून उभा मी
ऐकतो ते बापाचंच:
सैल विणली की अंगाखाली वारा खेळतो,
कातडीखालचं जाळं तसलं.
पीळ देऊन, ओढून, एकाच दिशेनं लावली
की कंडरा, टाचेला बांधलेला कासरा.
जाळीच्या घरांत कापूस ठासला की चरबी.
कूर्चा, हाड, तेही त्याच घरचं.
आणि रक्त, वाहतं असून भावकीतलंच,
लग्नाला येतं, वाटणीला येतं,
फक्त एका जागी बसत नाही.

त्या सैल विणीत, बारीक रक्तवाहिन्यांच्या कडेनं
मास्ट पेशी राहतात.
टोल्युइडिनचा निळा पाजला की जांभळ्या होतात.
मॅडमनी कारण दोनदा सांगितलंय,
मला अजून नवलच वाटतं.
हुरड्याच्या दिवसांत माळ्यावर उभं पोर,
ओटीत गोफणीचे खडे,
तशा.

सोजरला मागच्या वर्षी गांधीलमाशी चावली.
बोट सुजलं, तिनं त्यावर विळा घासला, विसरली.
पहिल्या खेपेला एवढंच.
पहिल्या खेपेला आतले लोक
नुसता चेहरा पाहून ठेवतात.

यंदा पत्र्याखालचं सरपण काढताना दुसरी.
दहा मिनिटांत अंगभर गांधी,
एकीला एक चिकटून, नकाशातल्या तालुक्यांसारख्या.
भावजय म्हणाली, पित्त उठलं, घोंगडं पांघरा,
आमसुलाचं पाणी लावा.
आणि मी, एकोणीस वर्षं त्याच पेशी रंगवणारा,
डबे उघडून आमसूल शोधत होतो.

"गळ्यात कायतरी बसायलंय," ती म्हणाली.
आवाज तिचा नव्हता.

रिक्षा. कॅज्युअल्टी. मांडीत अ‍ॅड्रेनॅलिन.
पुढचं मला सलग आठवत नाही.
स्टँडला टांगलेली पिशवी,
पिशवीत तिची एकच चप्पल.

रविवारी तिला लॅबमध्ये नेलं.
स्टुलावर बसली, पदर खोचला,
आधी चुकीचा डोळा मिटला.
"ह्या जांभळ्या कोण?"
राखणदार.
"माझ्यातबी हैत?"
हैत.
"मग एका माशीवर गावभर दगडं कामून मारली?"
मी इओसिनोफिल दाखवल्या, गुलाबी दाण्यांच्या,
ह्या मागाहून येतात, म्हटलं.
न्यूट्रोफिल, जखमेला सगळ्यात आधी धावतात न् तिथंच मरतात.
मॅक्रोफेज, मेलेलं खाऊन जागा झाडून काढतात.
आणि ही लांबट, शेपटासारखी, फायब्रोब्लास्ट,
हिचं काम नुसतं दोरी वळायचं.
"तुमच्या बापावानी."
हाव.

ती बराच वेळ पाहत राहिली.
मी हळूच स्लाइड सरकवली तर हात धरला,
"थांबा की, कामून घाई करायलात."
विचारलं नाही तिनं, त्या वाईट का चांगल्या.
विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.
त्यांनीच तिला तसं केलं,
आणि त्या नसत्या तरी भागलं नसतं, असं पुस्तकात आहे.

जाताना ती म्हणाली, आमसूल आणायचंय,
तुम्ही त्या दिवशी सगळं सांडलंत.

सोमवारी पहिल्या बॅचचं एक पोर ओरडलं,
"मामा, फील्डमध्ये काळं काय दिसायलंय?"
आयपीसवर सोजरचं काजळ होतं.
फडकं हातात होतं माझ्या.
म्हटलं, राहू दे, बाजूचा मायक्रोस्कोप घे.