चौथाई

उदगीरच्या डेपोवर सकाळी साडेसहाला
आम्ही ताडपत्री अंथरतो.
एका ट्रॅक्टरचा कचरा, त्याचा एक ढीग,
ढिगाचे फावड्याने चार भाग.
समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन सोडून द्यायचे.
ठेवलेले पुन्हा कालवायचे. पुन्हा चार.
असं करत करत अख्खं गाव
शंभर किलोंवर येतं.
ह्याला शास्त्र आहे.
मी त्याचे पैसे घेते.

पुस्तकात लिहिलंय : ओला कचरा, आर्द्रता पन्नास टक्के.
लिहिणाऱ्यानं एकदा मे महिन्यात इथे
काकडीची साल टाकून पाहावी.
दहा वाजता तिचं चामडं होतं.
ओला कचरा ही आमच्याकडे
सकाळपुरती गोष्ट.
मी एकोणीस टक्के मांडते,
पुण्याहून फोन येतो : काटा तपासा.
काटा मी रोज तपासते.
डिकीत पाच किलोंचं वजन आहे,
जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं,
झोपलेल्या पोरासारखं.

काल डाळमिलमध्ये शिवलिंगप्पा म्हणाले,
कचरा आमच्याकडे नाहीच, बघा.
चुणी गाईला, टरफल भट्टीला,
खडेसुद्धा मागच्या रस्त्यात घातलेत.
खरंच नव्हता.
एक मोटर तेवढी रिकामी फिरत होती
सकाळपासून, काहीही न भरडता.
तिच्या आवाजाची एवढी सवय
की ती बंद केल्यावर
हमाल दचकून वर बघायला लागले.

कौसाबाई हातमोजे घालत नाही.
घातले की बोटांना दिसत नाही, म्हणते.
पिशवी मुठीत दाबते,
कुरकुरली तर डावीकडे, गप्प राहिली तर उजवीकडे.
ह्या दोन आवाजांसाठी
माझ्या तक्त्यात आठ रकाने आहेत.
तिच्यामागे गुटख्याच्या पुड्या, ठिबकच्या नळ्या,
साड्यांच्या दुकानाची खोकी,
पेरणी जवळ आली म्हणून बियाण्यांच्या रिकाम्या पिशव्या,
सगळं आपापल्या जागी बसत जातं
पंगतीसारखं.

तिसऱ्या दिवशी, उरलेल्या चौथाईत,
तिच्या हाताला काहीतरी जाड लागलं.
स्पायरल, वर चकचकीत कव्हर,
कव्हरवर हिरवं पान, पानावर थेंब.
ते पान मीच निवडलं होतं.
'घनकचरा व संसाधन कार्यक्षमता : अंतिम अहवाल.'
खाली माझी सही.
अठ्ठेचाळीसाव्या पानावर चहाच्या कपाचं वर्तुळ.
म्हणजे तिथवर तरी
कुणीतरी पोचलं होतं.

'ह्ये असं कामून करत्यात ओ मॅडम?
कागुद चांगला हाय,
पर वर पिलास्टिक, बाजूला तार.
सोडवाया किती येळ जातो.'
मी म्हटलं, कुणास ठाऊक.
तिनं स्पायरल एका झटक्यात उपसलं,
मासळीचा काटा काढावा तसं.
तार तिकडे, कव्हर तिकडे,
एकशे बारा पानं मांडीवर ठोकून सरळ केली.

मी वजन घेतलं.
एकूण सहाशे चाळीस ग्रॅम.
कागद पाचशे नव्वद.
कव्हर बहुस्तरीय, विक्रीमूल्य शून्य.
'कार्यालयीन कागद' हा रकाना
तीन दिवस कोरा होता.
भरला.

संध्याकाळी झेरॉक्सच्या दुकानात
नवा अहवाल छापायला दिला.
दोन्ही बाजूंनी, म्हटलं.
स्पायरल करू ना, मॅडम? कव्हर?
नको. दोऱ्यानं शिवून मिळेल का?
तो पोरगा हसला.
दोरा कुठला आलाय मॅडम, हे काय चांभाराचं दुकान आहे?

दोरा डेपोवर होता.
खताच्या गोणीचा, पांढरा, न तुटलेला,
कौसाबाईनं बोटांवर गुंडाळून
खांबाच्या खिळ्याला अडकवलेला.
बारा ग्रॅम.
नोंद आहे, माझ्याच हातची,
'इतर' ह्या सदरात.